चूर्णाच्या डबीतले झिंगे

आमच्या किसनरावांनी सलग पाच दिवस अनशापोटी झिंग्याची अंडी खाल्ली, ही गोष्ट आता अख्ख्या बुलढाण्याला माहीत झाली आहे, तेव्हा मी ती लपवण्यात अर्थ नाही. उलट लिहूनच टाकावी म्हणते. कारण शेजारच्या शालूबाई जी सांगतात, तिच्यात किसनरावांना दवाखान्यात भरती करून सलाईन लावलं असं आहे. ते खोटं आहे. भरती केलं नाही. डॉक्टर फक्त हसले, आणि हसण्याची फी त्यांनी वेगळी घेतली नाही.

मुळात दोष माशांचा. आमची नात मंजुश्री नागपूरला शिकायला गेली आणि जाताना आपला फिशटँक आमच्या पुढच्या खोलीत ठेवून गेली. त्यात एंजल माशांची एक जोडी होती. चपटे, तिकोनी, अंगावर काळे पट्टे, आणि चाल अशी की शाळा तपासायला आलेले साहेब. या जोडीने दोनदा अंडी घातली आणि दोन्ही वेळा स्वतःच खाऊन टाकली. दुसऱ्या वेळी मंजुश्री फोनवर रडली. "आजी, आता घातली तर तू वाचवशील ना गं पिल्लं?"

मी म्हटलं, "अगं, जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलं मी. साठ-साठ पोरांचा वर्ग सांभाळला. ही तर मुकी लेकरं."

माणसाने फोनवर बोलताना जरा विचार करावा. पण शब्द दिला तो दिला.

जानेवारीत त्या जोडीने टाकीतल्या झाडाच्या एका पानावर तिसऱ्यांदा अंडी घातली. मी मंजुश्रीच्या सांगण्याप्रमाणे ते पान कात्रीने कापून शेजारच्या लहान टाकीत ठेवलं, आई-बापांना आमसभेतून बाहेर काढल्यासारखं दूर ठेवलं, आणि एका बुधवारी पिल्लं निघाली. दोनशेच्या आसपास. टाचणीच्या टोकाएवढी, पानाला चिकटून वळवळणारी. मंजुश्रीने सांगितलं, "आजी, पाच दिवस ती पोटातल्या शिदोरीवर जगतील. सोमवारी पोहायला लागतील. तेव्हा त्यांना जिवंत, हलणारं, एकदम बारीक खाणं लागेल. नाही मिळालं तर दोन-तीन दिवसांत सगळी जातील. मी पार्सल पाठवलंय."

पार्सल त्याच दिवशी आलं. एका पुडीत खसखशीहून बारीक, तपकिरी भुकटी. ही म्हणे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या झिंग्यांची अंडी. कोरडी असली की वर्षानुवर्षं झोपून राहतात, कोमट मिठाच्या पाण्यात टाकली की दिवसाभरात जागी होतात. अशी बढतीच्या वेळी तेवढी जागी होणारी कारकून मंडळी मी पाहिली आहेत, पण प्राणी पहिल्यांदाच पाहत होते. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: झाकण घट्ट असलेल्या डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवा.

आता आमच्या घरात रिकामी डबी कधी फेकली जात नाही. हा आमच्या पिढीचा गुण आहे, आणि त्याचं पुढे काय झालं ते येईलच. किसनरावांच्या चूर्णाची एक रिकामी डबी धुऊन, वाळवून ठेवलेली होती. मी अंडी तिच्यात भरली आणि फ्रिजच्या दारात, त्यांच्या चूर्णाच्या नव्या डबीशेजारी ठेवली.

किसनराव म्हणजे आमचे मालक. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं त्यांनी माईकवरून गाड्या सोडल्या, त्यामुळे घरात काहीही घडलं तरी ते त्यांना कुठल्या तरी फलाटावर लागलेलं दिसतं. मला ते 'मास्तरीन' म्हणतात. त्या दिवशी कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "मास्तरीन, चोवीस तासाची गाडी हाय म्हंते ना कागद? मंग उद्या याच टायमाले लागन."

पहिला प्रश्न पाण्याचा. मी नळाचं घेणार होते. ते म्हणाले, "आरओचं घे. गोड्या पान्याशिवाय जीव जगत नाई."

हे वाक्य मला लागलं, आणि का लागलं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. माझं माहेर संग्रामपूर तालुक्यातलं, पूर्णा नदीच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात. तिथे विहीर खणली की खारट पाणी लागतं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, दूध घातलं तर चहा कधी कधी फाटतो. सासर मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याला. तिथलं पाणी गोडं, आणि त्याचा त्यांना असा अभिमान की जणू त्यांनीच ते साखर घालून केलंय. लग्नाच्या बोलणीतच थोरल्या नणंदेने विचारलं होतं, "पोरगी बोलाले गोड हाय ना? नाई, पानी खारं पेली हाय म्हनून इचारलं."

किसनराव माझ्या माहेरी जाताना स्वतःचं पाणी घेऊन जात. आधी फिरकीच्या तांब्यात, मग थर्मासात. माझे वडील त्यांच्यासाठी पहाटेच विहिरीवरून पाणी आणून, दोनदा गाळून, माठात ठेवत. जावई आले की तांब्या भरून बाहेर येत. किसनराव थर्मास वर करून दाखवत, पास दाखवावा तसा. वडील भरला तांब्या घेऊन बाहेर येत आणि भरलाच घेऊन आत जात. वडील गेले त्यालाही आता वीस वर्षं झाली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या माहेरच्या पाण्याचा एक घोट घेतलेला नाही. बाकी नवरा चांगला आहे.

असो. मी आरओचं पाणी घेतलं. प्लास्टिकची बाटली बुडाकडून कापून, उलटी करून, माठाच्या तिवईत बसवली. हवेच्या पंपाची नळी आत सोडली. आता मीठ किती? कागदावर इंग्रजीत ग्रॅम होते, आणि माझा चष्मा शालूबाईंकडे राहिला होता. पण मिठाचं पाणी करायला मला कागद कशाला हवा? लोणच्यासाठी आई जसं करायची तसंच केलं. मीठ विरघळवत जायचं आणि कोंबडीचं अंडं सोडून पाहायचं. अंडं तरंगलं की पाणी झालं. अंडं तरंगलं. मी चमचाभर भुकटी टाकली.

चोवीस तासांनी काही नाही. अठ्ठेचाळीस तासांनीही काही नाही. शुक्रवारी मंजुश्रीला फोन केला. अंडं कसं तरंगलं ते सगळं ऐकून ती म्हणाली, "आजी, तू त्यांचं लोणचं घातलंस."

शालूबाईंकडून चष्मा मागवला. कागदात होतं त्याच्या चौपट मीठ पडलं होतं. गणिताच्या शिक्षिकेकडून झालेली ही चूक मी इथे पहिल्यांदाच कबूल करते आहे.

शालूबाई चष्मा द्यायला म्हणून आल्या त्या तासभर बसल्या. त्या माळकरी. कांदा-लसूणही जेमतेम चालवून घेतात. "माय व! म्हंजे जिते जीव पैदा करायचे आन् जितेच खाऊ घालायचे? चांगुणाबाई, पाप हाय हे."

आम्ही दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो, आणि त्यातलं पहिलंच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं. मी म्हटलं, "शालूबाई, नाही खाऊ घातलं तर दोनशे मरतात."

"आन् घातलं तं?"

"तर हजारो मरतात."

"मंग तुमचं गनितच चुकून राह्यलं," म्हणून त्या उठल्या. पण दारातून वळून विचारलं, "सोमवारी पोह्यतीन म्हंता ना? मी येतो पाहाले." आणि त्या दिवसापासून दिवसातून दोनदा येऊन पिल्लं मोजू लागल्या. पापाची मोजदाद कोणीतरी ठेवायला हवीच.

दुसऱ्या खेपेला मी चष्मा लावून, चमचा सपाट करून, कागदाप्रमाणे मीठ घातलं. बुलढाणा घाटावर, जानेवारीची थंडी. म्हणून किसनरावांनी आपल्या ट्रंकेतून जुना पिवळा बल्ब काढला आणि बाटलीजवळ लावला. मी निर्धास्त होऊन आवरायला गेले. शनिवारी पाहते तर बल्ब बंद, आणि बाटलीला गोधडी गुंडाळून वर सुतळीने बांधलेलं.

"हे काय?"

"अंडे उबवाले अंधार लागते. कोंबडी काय बल्ब लावून बसते काय बे?"

'बे' ते सहसा मला म्हणत नाहीत. शास्त्रीय चर्चेत निसटतं. मी त्यांना कागदातली ओळ दाखवली: सतत उजेड आवश्यक. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "अंधारात नाई निंघत म्हंजे? कायच्या जातीचं जनावर हाय हे!" ही ओळ त्यांच्या चांगलीच लक्षात राहिली, हे पुढे कळलं.

रविवारी त्या बाटलीतून झिंगे निघाले. बल्बसमोर धरून आम्ही तिघांनी मोजले. सात.

दोनशे पिल्लांना सात झिंगे. आमच्या शाळेत वह्यांचं वाटप अशाच हिशोबाने यायचं, त्यामुळे मला धक्का बसला नाही. पण सोमवारी सकाळी पिल्लं पान सोडून पोहू लागली. ढगासारखी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जात, आणि मी काचेला बोट लावलं की सगळी बोटाकडे येत. ते बघवेना. किसनरावांच्या सल्ल्याने उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून टाकला. पाणी ताकासारखं झालं. दुपारी शालूबाई मोजून म्हणाल्या, "दीडशेच हायेत व." त्यांचा आवाज उतरला होता. पापाचा विषय त्यांनी काढला नाही.

मी साडी बदलली आणि सरकारी कार्यालयात गेले. कोणत्या ते सांगत नाही. माशांशी संबंधित होतं एवढंच. सरकारला माशांबद्दल काहीतरी माहीत असणारच, असा माझा समज. बुलढाण्यातली निम्मी कार्यालयं माझ्या विद्यार्थ्यांनी भरली आहेत, पण खिडकीवरचा राजकुमार नावाचा कारकून नेमका खामगावचा निघाला.

"मावशी, तलाव कोनता?"

"तलाव नाही. टाकी आहे."

"म्हंजे शेततळं."

"काचेची टाकी आहे हो. टीव्हीच्या बाजूला."

त्याने फॉर्म पुढे सरकवला. "मार्गदर्शन पाह्यजे तं हा भरा. जलक्षेत्र हेक्टरमंदी लिहा. आन् सातबारा जोडा."

"टाकीचा सातबारा?"

"मावशी, नमुना हाच हाय. दुसरा नाई."

मी बाकावर बसून गणित केलं. मोठी टाकी तीन फूट बाय दीड फूट. उत्तर आलं शून्य दशांश शून्य शून्य शून्य शून्य चार दोन हेक्टर. राजकुमारने त्या शून्यांवर पेन टेकवत टेकवत ते वाचलं. मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. पेन खाली ठेवून म्हणाला, "मावशी, खरं सांगू? फॉर्म राहू द्या. त्या झिंग्याले समुद्रासारखं जड पानी लागते. आरओत मीठ टाकून नाई भागत. आता आपल्याकडं समुद्र कुठी? लोणारच्या सरोवराचं पानी खारं हाय, पन ते अभयारण्य. तथून गिलासभर उचललं तं गुन्हा लागन."

मी पायऱ्या उतरत होते, आणि तिसऱ्या की चौथ्या पायरीवर थांबले. समुद्र कुठे, म्हणे! माझ्या वडिलांच्या विहिरीत होता की. उन्हाळ्यात हौदाच्या काठावर पांढरा थर यायचा, आणि आम्ही पोरं तो बोटाने खरवडून कैरीला लावून खायचो. रस्त्यातच उभं राहून मी धाकट्या भावाला, हिंमतरावला फोन लावला.

"हिंमत, आपली विहीर आहे ना रे अजून?"

"हाय ना बाई. आता नळाचं गोडं पानी येते, इहिरीवर फक्त म्हशी धुतो. काऊन?"

"उद्या पहिल्या गाडीने एक कॅन भरून आण."

"इहिरीचं?" म्हणून त्याने खात्री करून घेतली. मग, "बाई, तब्येत बरी हाय ना तुह्यी?"

घरी आले आणि तिसऱ्या खेपेची तयारी म्हणून फ्रिजमधून डबी काढली. डबीत तळाशी जेमतेम एक चमचा भुकटी. शिगोशीग भरलेली डबी! मी तशीच हातात धरून बाहेर आले. "यातलं कोणी काढलं?"

किसनराव पेपर वाचत होते. "म्याच. चूर्ण हाय ना माह्यं. या खेपीचं मस्त हाय. अजिबात कडू नाई. पाच दिवसांपासून पोट असं साफ हाय का..."

तेवढ्यात त्यांना माझा चेहरा दिसला.

आता इथे एक तपशील सांगायला हवा. किसनराव चूर्ण घेतात ते कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ टाकून. म्हणजे कागदावर अंडी उबवण्याची जी कृती दिली होती, ती त्यांनी पाच दिवस तंतोतंत पाळली होती. फक्त बाटलीऐवजी स्वतःत.

ते पेपरची घडी करून हळूच म्हणाले, "मास्तरीन, चोवीस तासाची गाडी म्हनलं होतं ना?"

"हो."

"सकाळी सहाले घेतलं आज." त्यांनी घड्याळ पाहिलं. मग एकदम चेहरा खुलला. "पन उजेड लागते ना त्याह्यले? पोटात कुठी हाय उजेड!" आणि त्यानंतर डॉक्टरांकडे जाऊन येईपर्यंत हा माणूस त्या पिवळ्या बल्बसमोर तोंड उघडून एक शब्द बोलला नाही. ओठ मिटून हूं-हूं करत होता. डॉक्टरांनी टॉर्च काढून "आ करा" म्हटलं, तेव्हा तर त्यांनी माझ्याकडे परवानगीसाठी पाहिलं.

शालूबाईंना हे मी सांगितलं नाही. पण भिंती पातळ आहेत आणि शालूबाईंचे कान माळकरी नाहीत. संध्याकाळपर्यंत कॉलनीतून तीन जण तब्येत विचारून गेले. एकाने नारळपाणी आणलं.

मंगळवारी दुपारी हिंमतराव आला. खांद्यावर वीस लिटरचा कॅन, घामाघूम. "जयभीम भाऊजी. जयभीम बाई. अवं, काय सांगू! खामगावले गाडी बदलाले उतरलो तं कंडक्टर मले म्हंते, 'काका, चुकले तुमी. लोकं घाटावरून गोडं पानी खाली नेतात, तुमी खारं वरतं घेऊन चालले!' अख्खी गाडी हासली. म्या म्हनलं, आमच्या बाईनं मागवलं, जावयासाठी."

"माह्यासाठी?" किसनराव ओठ न मिटता ओरडले.

मी बाटली भरली. बोट बुडवून चाखलं. तीच चव. नाकाच्या शेंड्यापर्यंत चढणारी, थोडी कडवट. कागदाशी मेळ घालायला त्यात जाडं मीठ थोडं वाढवलं. उरलेली चमचाभर अंडी टाकली, आणि सुतळी कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. किसनरावांनी स्वतःहून बल्ब लावला आणि शेजारी खुर्ची टाकून बसले. "गाडी सुटली बारा चाळीसले," म्हणाले.

टाकीतली पिल्लं आता ढगासारखी पोहत नव्हती. विखरून, खाली खाली. शालूबाईंनी मोजणं सोडलं होतं. "नका इचारू," एवढंच म्हणाल्या. मंजुश्रीचा फोन दोनदा वाजला आणि दोन्ही वेळा मी तो उचलला नाही. छत्तीस वर्षांत मी कुठल्या पालकाला तोंड चुकवलं नव्हतं.

बुधवारी सकाळी चहा गाळत होते तेव्हा बाहेरून ती जुनी, माईकवरची, लांबवलेली हाक आली. "प्रवाशांनी लक्ष द्यावं! संग्रामपूरवरून खामगावमार्गे येनारी गाडी..." आणि मग माईकचा आवाज फुटला. "मास्तरीन! ये! लवकर ये!"

बाटली केशरी झाली होती. बल्बच्या बाजूला ढग, आणि तो ढग हलत होता. हजारो केशरी ठिपके, प्रत्येकाची आपली वेगळी घाई. हिंमतराव म्हशी धुण्याच्या पाण्याकडे तोंड वासून पाहत राहिला. मी नळीने ते कपड्यातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन, चमच्याने लहान टाकीत सोडले. काही क्षण काहीच झालं नाही. मग एका पिल्लाने शरीर वाकवलं आणि झेप घेतली. मग दुसऱ्याने. अर्ध्या तासात त्या पारदर्शक लेकरांची पोटं केशरी दिसू लागली, एकेक दिवा लावल्यासारखी.

"एकशे अकरा," शालूबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. "पाप तं झालंच. पन दिसते किती चांगलं!"

मी मंजुश्रीला फोन लावला आणि फोन टाकीसमोर धरला. ती रडली. या वेळचं रडणं मला ऐकायला बरं वाटलं.

उरलेले झिंगे कागदात सांगितल्याप्रमाणे उथळ डब्यात, खाऱ्या पाण्यात, फ्रिजमध्ये ठेवले. थंडीत ते दोन-तीन दिवस टिकतात, तेवढ्यात मंजुश्री नवी पुडी पाठवणार होती. डब्यावर लाल पेनने लिहिलं: 'सरबत नाही.' चूर्णाची डबी मी ओट्यावर हलवली.

गुरुवारी पहाटे जाग आली तर किसनराव स्वयंपाकघरात. कॅनमधलं पाणी त्यांनी गाळणीतून दोनदा गाळलं, लहान पातेल्यात कोमट केलं. हिंमतराव दारात उभा राहून पाहत होता. ते पेल्यात ओतून त्यांनी पुढच्या खोलीत आणलं, चूर्ण टाकलं आणि ढवळलं. मी मिठाची बरणी पुढे केली.

"याले मीठ नाई लागत," ते म्हणाले आणि एका दमात पेला रिकामा केला. तोंड वाकडं केलं नाही. निदान आमच्या देखत नाही. मग पेला खाली ठेवून हिंमतरावला म्हणाले, "होळीले येतो आमी. थर्मास नाई आनत."

हिंमतरावने रिकामा पेला उचलला आणि आत नेला.

मी डबी उघडून, चष्मा लावून, नीट पाहून घेतलं. चूर्णच होतं.